अकरा वाचनालयांचा डबा

सातारा-सांगली गाडीत प्रियंकाला जागा मिळाली खरी, पण अर्धीच. उरलेल्या अर्ध्या जागेवर एक पत्र्याचा डबा ऐसपैस बसला होता आणि डब्यावर एका तरुणाचा हात होता.

"डबा वर ठेवा ना."

"वर न्हाई जमायचं. धक्का बसंल त्याला."

"लाडू आहेत का आत?"

"अकरा वाचनालयं हायत." त्यानं झाकण बोटभर उघडलं. आत फ्लॉप्या! "वडूज, म्हसवड, कवठे महांकाळ... समदी. लाडू आसतं तर दिला आसता की एक."

तिला हसू फुटलं. डबा तिनं आपल्याच मांडीवर घेतला. मावशीकडून सांगलीला परत निघालेली ती आणि हा डबेवाला राजरत्न, दोघांना एकाच ग्रंथालयात जायचंय, हे कराड यायच्या आत कळलंसुद्धा.

ते सत्त्याण्णव साल. सांगलीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर आला होता आणि आसपासच्या वाचनालयांतली संशोधनाची जुनी पुस्तकं एकाच यादीत आणायचं काम निघालं होतं. अभ्यासकानं नाव टाकावं आणि ते कुठल्या गावच्या कपाटात आहे ते पडद्यावर दिसावं. राजरत्न गावोगावची कार्डं चिठ्ठ्यांवर उतरवायचा, साताऱ्यात फ्लॉपीत भरायचा आणि दर शनिवारी घेऊन यायचा. त्या नोंदी यादीत मिसळण्याची नोकरी प्रियंकाला नुकतीच लागली होती. पुढे पुढे शुक्रवारपासूनच तिचा जीव वरखाली व्हायचा, पण हे तिनं स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

आठ महिन्यांनी, अशाच एका शुक्रवारी, घोळ झाला. सोमवारी समिती यादी बघायला येणार होती. एकच पुस्तक चार-पाचदा दिसतंय म्हणून प्रियंकानं कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे सांगलीची नोंद ठेवून बाकीच्या दुबार नोंदी पुसल्या. तीनशे बारा! नव्या फ्लॉप्या संपलेल्या, म्हणून ही यादी राजरत्नच्या जुन्या फ्लॉप्यांवरच उतरवली; त्यांतलं मूळ पुसलं गेलं. चहाचा पहिला घोट घेतला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला... पुसलेल्या प्रत्येक नोंदीत एका गावाचं नाव होतं. आता यादीच्या लेखी ती पुस्तकं फक्त सांगलीत. म्हसवडचा एखादा मास्तर वडुजातलं पुस्तक सोडून एसटीनं थेट सांगलीला येणार.

ग्रंथपाल मानसिंग सरांना तिनं रडवेल्या आवाजात सांगितलं. "अगं, पुस्तक सापडतंय ना? झालं तर. समितीला काय कळतंय? आणि त्या राजरत्नला तर मुळीच सांगू नकोस, उगाच डोक्यात राख घालून घेईल."

खरंच, कुणालाही कळलं नसतं. आणि सांगितलं तर? त्याची आठ महिन्यांची पायपीट तिनं एका दुपारी पुसली होती. तो पुन्हा कशाला येईल? नोकरी गेली तर दुसरी मिळेल... पण शनिवार? शनिवारी सकाळी राजरत्न डबा घेऊन हजर झाला.

"आज मॅडम लय गप?" आल्या आल्या त्यानं चिडवलं.

तिनं सगळं सांगितलं. सर काय म्हणाले तेही. तो पडद्यापाशी वाकला.

"वडूजच्या किती?"

"एकशे चार."

वडूज त्याचं गाव. तो उठला आणि चालता झाला. निघताना 'येतो'सुद्धा म्हणाला नाही.

रविवारी प्रियंका एकटीच येऊन बसली. आठवतील तशा नोंदी भरायला लागली. अकरा आठवल्या. बारावी आठवेना, तेव्हा मात्र तिला रडू आवरेना. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली... आणि दारात राजरत्न, खांद्यावर पोतं!

"माज्या हातच्या मूळ चिठ्ठ्या. आई चुलीत घालायच्या बेतात व्हती."

तिनं घाईघाईनं डोळे पुसले. "मला वाटलं, तुम्ही आता येतच नाही."

"मलाबी तसंच वाटत व्हतं... कराडपतोर."

"मग?"

"मग डोक्यात आलं, तुमी न सांगताबी चाललं आसतं. तरी सांगितलंसा. आसलं मानूस पुन्यांदा कुटं गावायचं?" एवढं बोलून तो गडबडीनं पोत्याची गाठ सोडायला लागला. गाठ काही केल्या सुटेना.

मग तो वाचत गेला, ती भरत गेली. ऊन खिडकीतून टेबलावर आलं, टेबलावरून भिंतीवर गेलं. दोनशे सत्तराव्या नोंदीला तिची बोटं थांबली.

"काय झालं? म्हसवड संपलं की."

"मला तुम्ही आवडता." ती बोलून गेली. "म्हणजे... हेही न सांगता चाललं असतं म्हणा..."

राजरत्ननं हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

"न्हाई," तो म्हणाला. "हे न्हाई चाललं आसतं."