आगो म्हणणारी रेघ

दिवा जरा अलीकडे ओढून बसा. वारा सुटला आहे, अन् हे मोठ्यानं सांगण्यासारखं नाही.

आमच्या या समुद्रकाठच्या केटा गावात दिवसा कुणी दार लावत नाही, नुसता पडदा असतो. येणारा बाहेरून "आगो" म्हणतो. आतून "आमे", म्हणजे ये, असं आलं की मगच पाऊल टाकायचं. आमे म्हटल्यावर आलेल्याला आधी पाणी द्यायचं. अन् त्यानंही जाताना यजमानाकडे रस्ता, म्हणजे निघायची परवानगी, मागायची, मग उठायचं.

एका दुपारी दोत्सेची बायको, एसिनाम वहिनी, डोक्यावर ते जड यंत्र घेऊन आली. जुना ऑसिलोस्कोप. आवाजाची लाट हिरव्या रेघेनं काचेवर दाखवणारा.

"दादा, समुद्रानं दोत्सेला नेलं, त्याची रेडिओ दुरुस्तीची टपरी नेली, अन् हे तेवढं वाळूवर परत टाकलं. चालू करा. थोरल्याला बापाचा धंदा करायचाय."

"दोत्सेलाच बोलावून विचारायला हवं, कुठली तार कुठं जोडली ते," मी गमतीनं म्हणालो.

"नको हो दादा! जन्मात कुणाच्या दारात आगो म्हणाला नाही तो. बोकडासारखा थेट घुसायचा. आता तरी कसला थांबतोय!" हसता हसता तिनं डोळे पुसले.

ती गेली. आत माझी लेक सेना पोट सांभाळत मासे भाजत होती. याआधीची दोन पोटातच गेलेली. हे तिसरं तरी राहू दे, एवढंच मी देवाकडे मागत होतो.

मी झाकण काढलं. आतून ओल्या शेवाळाचा वास आला. कळांवर मीठ साचलं होतं, ते स्पिरिटनं हळूहळू पुसलं. फुगलेला कपॅसिटर बदलला. एक हात पाठीमागे धरूनच काम केलं, कारण असल्या यंत्रात बंद असतानाही विजेचं मरण साठून असतं. चालू करताच आतल्या नळ्या लाल झाल्या. काचेवर आधी ठिपका उमटला, मग त्याची रेघ झाली.

माइक जोडून मी नेहमीसारखं "आगो" म्हणालो. रेघेवर एक लहान उंचवटा, मागून मोठा डोंगर. झकास.

माइकची तार काढून ठेवली. रेघ सपाट झाली.

मग लहान उंचवटा... अन् मोठा डोंगर.

वाटलं, सीमेपलीकडच्या लोमे शहराचं एखादं रेडिओ केंद्र घुसलं असेल. पण आकार तोच. थांबून थांबून. दर वेळी जरा मोठा, जवळ येणाऱ्यासारखा. बाहेर समुद्राचा आवाज तेवढा बंद पडलेला.

खरं-खोटं कानानं कळावं म्हणून, अन् इथंच माझी अक्कल शेण खायला गेली, मी यंत्राच्या मागून तार काढून स्पीकरला जोडली.

घशात पाणी भरलेला आवाज आला, अगदी अदबीचा.

"आगो..."

मी तार उपटायला हात घातला, पण चुलीपाशून सेना सवयीनं ओरडली,

"आमे! या, या!"

रेघ सपाट झाली. दाराचा पडदा आत फुगला अन् खाली पडला. शेवाळाचा वास माझ्या अंगावरून आतल्या खोलीकडे गेला.

सेना पाण्यानं भरलेला पेला घेऊन आली. "कोण आलंय बाबा?"

"कुणी नाही. चल आत."

"मग आगो कोण म्हणालं?" तिनं रीतीप्रमाणे पेला स्टुलावर ठेवला. मनाला म्हटलं, दोत्सेच असेल. भला माणूस, आपल्या यंत्रासाठी आला असेल. जरा धीर आला.

तेवढ्यात वहिनीचे शब्द आठवले. जन्मात कुणाच्या दारात आगो म्हणाला नाही तो.

पेल्याकडे पाहिलं. रिकामा. तळाला मिठाचा पांढरा थर.

यंत्र त्याच संध्याकाळी परत केलं. तिकडे ते नीट चालतं, वहिनी दुवा देते. इकडे मी रोज त्या स्टुलाला हात जोडून म्हणतो, पाहुण्या, पाणी प्यालास, आता रस्ता माग. आनंदानं देईन.

अजून मागितलेला नाही. अन् सेनाचे दिवस भरत आलेत. काल पोटावर हात ठेवून ती हळूच म्हणाली, "बाबा, ऐका ना... बाळ अशी काय ढुशी मारतंय? आधी लहान... मग मोठी."