एल्डर फोर्डची हरवलेली शाळा

"भाभी, मैं नै लिया. अल्ला कसम, मैं नै लिया!"

दार उघडताच कादिर एवढंच बोलला आणि उंबऱ्यावरच बसला. सरोज रात्रपाळी करून नुकतीच घरी आली होती. आत हरीश चहा गाळत होता. त्याने तिसरा कप काढला.

सौदीतल्या अबकैकच्या त्या तेल कंपनीच्या कॅम्पात काही हरवलं, की लोक सिक्युरिटीच्या आधी सरोज पाटणकरचं दार ठोठावत. हुद्द्याने ती कॅम्पच्या हॉस्पिटलात नर्स. पण तिच्या डोळ्यांतून काही सुटत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हरीश तिचा नवरा, प्लँटच्या लॅबमध्ये केमिस्ट, आणि तपासातला मदतनीस. मदत म्हणजे गाडी चालवायची आणि भलत्याच माणसाला चोर ठरवायचं.

"काय गेलंय?" सरोजने विचारलं.

"स्कूल. साहब के गाँव का स्कूल. कल सुबह से नै है."

हरीशला ते गाव चांगलं माहीत होतं. वेन्डेल प्रुइट या म्हाताऱ्या अमेरिकन इंजिनियरच्या जेवणघरात ते एका मोठ्या टेबलावर वसलेलं होतं. एल्डर फोर्ड. दोनशे वर्षांचं जुनं गाव: छपराचा पूल, पिठाची गिरणी, चर्च, पारासारखा बँडचा चौथरा. प्रुइट लहान असताना धरण झालं आणि अख्खं गाव पाण्याखाली गेलं. म्हाताऱ्याने मग आठवून आठवून, खोक्यांच्या फळ्या कोरून, ते इथे वाळवंटात पुन्हा उभं केलं. शाळेत त्याची आई शिकवायची. शाळा सगळ्यात शेवटी झाली होती.

"मॅडम बोले, सफाई तू करता, तो तूच लिया. बारा बजे सिक्युरिटी आएगी. इकामा कॅन्सल, कफील घर भेज देगा. चोर का ठप्पा लेके बीवी को क्या मुँह दिखाऊँ?"

त्याचा राहण्याचा परवाना जामीनदार मालकाच्या हाती होता, आणि अर्धं आयुष्य त्याने त्या एका घरात काढलं होतं. सरोजने चहा एका घोटात संपवला. "चला अहो, गाडी काढा."

वाटेत ती म्हणाली, "परवा संध्याकाळी सायरन झाला तेव्हा तुम्ही तिथेच होतात ना? सगळं सांगा. तुम्हाला फालतू वाटतं तेही."

आखाती युद्ध सुरू झाल्यापासून प्रुइटचं जेवणघर हीच शेजाऱ्यांची आसऱ्याची खोली होती. विषारी वायू आत येऊ नये म्हणून खिडक्यांना टेप, दाराखाली ओले टॉवेल. परवा तिथे पाच जण होते: प्रुइट, त्याची बायको डॉरथी, कादिर, हरीश आणि शेजारचे मराठी गृहस्थ फकरुद्दीन.

"सगळ्यांनी गॅस मास्क चढवले," हरीश सांगू लागला. "बोललेलं कळेना, नुसतं घूं घूं. मी घाबरून डोळे मिटून बसलो. एकदाच उघडले. फकरुद्दीनभाई टेबलाशी पाठमोरे उभे होते, प्रुइट समोर खुर्चीत. प्रुइट अर्धा अरबच झालाय बघ. फकरुद्दीनभाईंसमोर छातीवर हात ठेवला, मान झुकवली. आपला फोरमन 'तफद्दल' म्हणताना करतो ना, अगदी तसं."

"मग?"

"ऑल क्लिअरचा भोंगा झाला. डॉरथीबाईंनी मास्क पिशवीत घालून खुंटीला लावला, मी माझा माझ्या पिशवीत. कादिरकडे बिचाऱ्याकडे पिशवी कुठली? त्याचा मास्क पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये. तो टेप काढत बसला. फकरुद्दीनभाई मास्क गळ्यात तसाच लटकवून घरी गेले. डोळे पुसत होते. पहाटे भावाकडे जेद्दाला निघायचं होतं ना, सगळ्यांचा निरोप घेऊन गेले."

"गळ्यात? आणि पिशवी?"

"खांद्याला असेल. मला वाटतं डॉरथीबाईंनीच—"

"तुम्ही गाडी चालवा," सरोज म्हणाली.

प्रुइटच्या घरात बॅगा भरलेल्या होत्या. नवरा-बायको दुसऱ्या दिवशी कायमचे अमेरिकेला निघणार होते. डॉरथी रडून रडून लाल झाली होती.

"परवा सायरनच्या जरा आधी मी स्वतः शाळा पाहिली होती," ती म्हणाली. "काल सकाळी नव्हती. कादिरला आम्ही काय कमी केलं? मागितली असती तर..."

टेबलावर शाळेची वीतभर जागा रिकामी होती. तिच्याभोवतीचं काड्यांचं कुंपण कोणीतरी हलक्या हाताने उचलून बाजूला, नीट सरळ ठेवलं होतं. एक काडी मोडलेली नव्हती.

प्रुइट कोपऱ्यात बसला होता. जानेवारीची थंडी, तरी कपाळावर घाम. एका हाताने तो जबडा चोळत होता. शेजारी ॲसिडिटीच्या गोळ्यांची बाटली जवळजवळ रिकामी.

"बरं नाही का?" सरोजने विचारलं.

"पोट. दोन दिवस जेवण जात नाही," तो पुटपुटला. "शाळा कुठे आहे, मुली? गाव एकदा बुडालं. आता पुन्हा एक घर गेलं."

"परवा फकरुद्दीनभाईंनी तुमच्याकडे काही मागितलं?"

"फकरुद्दीन? नाही. मास्कमध्ये जीव घुसमटत होता, मी डोळेच उघडले नाहीत."

सरोज एकदम उभी राहिली. तिने हॉस्पिटलला फोन लावला आणि हरीशला कधी ऐकू आला नव्हता अशा आवाजात ॲम्ब्युलन्स मागवली. मग प्रुइटची नाडी धरून त्याच्याजवळ बसली.

"हलायचं नाही. गाडी येईपर्यंत ऐका. चोरी झालेलीच नाही."

"म्हणजे?" डॉरथीने विचारलं.

"चोराला घाई असते. इथे कुंपण निवांत काढून ठेवलंय. ज्याला ती वस्तू आपल्याला मिळाली असं वाटतं, तोच असं करतो. बाहेर कशी गेली? मास्क घातलेला असतो तेव्हा पिशव्या रिकाम्या. ऑल क्लिअरनंतर डॉरथीबाई, तुमचा आणि यांचा मास्क पिशव्यांत गेला, म्हणजे त्या पिशव्यांत दुसरं काही मावणार नव्हतं. कादिरच्या प्लॅस्टिकमधून आरपार दिसतं. एकच माणूस मास्क गळ्यात घालून गेला, कारण त्याची पिशवी भरलेली होती."

"फकरुद्दीनभाई!" हरीश ओरडला. "पण ते चोरी..."

"त्यांनी मागितली होती. तोंडाने बोलता येईना, म्हणून शाळेकडे बोट दाखवून. तुम्हाला त्यांची पाठ दिसली, बोट नाही. आणि समोरून छातीवर हात आला, मान झुकली. जन्म आखातात काढलेला माणूस याचा काय अर्थ घेणार? 'तफद्दल'. घ्या, आपलीच समजा." तिने प्रुइटकडे पाहिलं. "तुम्ही शाळा दिली नव्हती. तुमच्या छातीत कळ आली होती. घाम, जबडा, दोन दिवसांचं 'पोट'. ते पोट नाही, हृदय आहे. उद्या विमानात बसला असतात, तर उतरला नसतात."

तो हात हरीशने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता आणि कौतुक करत बसला होता.

जेद्दाचा फोन लागला. अल अझीझियातल्या भावाच्या घरून फकरुद्दीनचा आवाज आला, "अहो, त्यांनीच दिली! माझे वडील शाळामास्तर. आमचं गाव धरणात गेलं, त्यात शाळाही गेली. शेवटची भेट म्हणून धीर करून मागितली. त्यांना नको होती का? मी आत्ता उलटा निघतो, सरोजताई, आत्ता!" ते लहान मुलासारखे रडत होते.

सरोजने सगळं प्रुइटला सांगितलं. त्याने टेबलावरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"त्याला म्हणावं, येऊ नको," तो म्हणाला. "फक्त कोरड्या जागी ठेव."

ॲम्ब्युलन्स आणि सिक्युरिटीची जीप दारात एकदमच आली. अधिकारी वही उघडून विचारू लागला, "तो हाउसबॉय कुठे आहे?"

हाउसबॉय म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन जमिनीवर बसला होता. स्ट्रेचर निघालं तसा तो पायजम्याला हात पुसत मागे सरला. ड्रायव्हरने दार धरून सांगितलं, "सोबत फक्त घरची माणसं."

डॉरथी चढली, थबकली, पुन्हा उतरली. अधिकाऱ्याच्या समोरून तिने कादिरचा हात धरला.

"याला आधी बसवा," ती म्हणाली. "हा घरचा आहे. माझं माफीचं काय ते मी याच्याशी नंतर बोलेन, याने ऐकलं तर."

कादिर चढला आणि साहेबांचे पाय धरून बसला. मागून डॉरथी चढली आणि हरीशने दार लावलं.