रिकामा डबा

"खारका आहेत. बियांसकट."

फोनवरच्या त्या आवाजाला इतकी खात्री होती, की प्राजक्तानं हातातला डबा उगाच उघडून पाहिला. खारकाच होत्या!

अमरावतीच्या त्या छोट्याशा सामुदायिक रेडिओवर भुलाबाईचा, म्हणजे कोजागिरीपर्यंत महिनाभर चालणाऱ्या पोरींच्या गाण्यांच्या सणाचा, कार्यक्रम सुरू झाला, तो तिच्याच हट्टानं. फ्लॅटमधल्या पोरींना भुलाबाई ठाऊक नाही आणि गाणी उरली ती पार्बताबाईंसारख्या मोजक्या म्हाताऱ्यांपाशी. रोज संध्याकाळी पार्बताबाई गायच्या. मग प्राजक्ता माइकसमोर खिरापतीचा डबा खुळखुळवायची आणि आत काय आहे ते ऐकणाऱ्यांनी फोनवर ओळखायचं.

"नाव काय तुमचं?"

"कुलदीप. वलगावहून बोलतो. भुलाबाई पोरींची असते, मालूम आहे मले. पण ओळखायले बंदी आहे काय?"

"नाही... बंदी नाही."

मग काय, रोज त्याचा फोन.

"आज फुटाणे. अन् आज तुमाले सर्दी झाली."

"सर्दी खिरापतीत धरत नाहीत."

"मी धरतो."

नुसत्या आवाजात असं गुंतू नये, हे प्राजक्ता स्वतःला बजावत राहिली आणि गुंतत राहिली.

कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी मात्र तो ओळखून झाल्यावर घुटमळला. "मले अकोल्याले नोकरी लागली. उद्याच निघतो... तिथं तुमचा रेडिओ पोचत नाही ना?"

"नाही," एवढंच ती बोलली.

कोजागिरीचा दिवस तिला खायला उठला. शेवटचा कार्यक्रम. तो करेल फोन? नाही केला तर? त्याचा नंबर केंद्राच्या फोनमध्ये होता, पण ऐकणाऱ्यांचे नंबर स्वतःसाठी वापरायचे नाहीत, हा केंद्र चालवणाऱ्या साधनाताईंचा नियम.

गाणी झाली. तिनं फोनकडे बघतच डबा हलवला. फोन येऊ लागले, पण त्याचा एकही नाही.

"साखरफुटाणे काय वो?"

"नाही."

"खोबरं?"

"नाही," तिनं सवयीनं म्हटलं, पुन्हा डबा हलवला. आवाजच नव्हता. सकाळपासूनच्या घालमेलीत ती खिरापत भरायचीच विसरली होती! पार्बताबाई डोळे वटारून पाहत होत्या. खिरापत ओळखल्याशिवाय भुलाबाईची बोळवण करायची कशी?

पुन्हा फोन. मागे गाड्यांचे हॉर्न.

"डबा रिकामा आहे," कुलदीप म्हणाला.

"...हो."

"काहून?"

काचेपलीकडून साधनाताई आवरतं घ्यायची खूण करत होत्या. घरी आई रेडिओ लावून बसली असणार. पण आत्ता बोललं नाही तर हा आवाज पुन्हा कुठून ऐकायचा?

"तुमचा फोन येते का नाही... ह्याच धाकात होती मी दिवसभर. भरायचंच विसरली."

पलीकडे नुसती खरखर. ठेवला की काय त्यानं?

"कुलदीप... कुठं आहे तुमी?"

"बडनेऱ्याच्या पुढं. बसमध्ये मोबाइलच्या एफएमवर ऐकून राहिलो होतो. तुमचा आवाज तुटाले लागला, तं उतरलो. बस गेली निघून. सामान घेऊन रस्त्याच्या कडेले उभा आहो." तो थांबला. "तुमच्या गेटवरून दोनदा वापस गेलो मी. आत यायची हिंमत नाही झाली."

"मग आता तिथंच थांबा," प्राजक्ता म्हणाली. "मी येते. डब्यात... काय भरून आणू?"

"रिकामाच आणा," तो हळूच म्हणाला. "तुमी या."

पार्बताबाईंनी माइक स्वतःकडे ओढला.

"ओळखली बापा एकदाची," त्या म्हणाल्या आणि त्यांनी बोळवणीचं गाणं धरलं. प्राजक्ता तोवर डबा घेऊन जिन्यात पोचली होती.