आधी खुनी कळू दे

गेर्डाच्या बिअरघरात त्या रविवारी एकच खुर्ची रिकामी होती, आणि ती नेमकी माझ्या शेजारी. भिजलेला कोट हातावर घेऊन एक उंच माणूस आला. "इथं बसू का?" एवढंच म्हणाला... आणि सगळं बिअरघर त्याच्याकडे वळून "शू" म्हणालं. टीव्हीवर नुकताच खून पडला होता.

गेर्डाचा नियम कडक. गुन्हेमालिका चालू असताना तोंड उघडायचं नाही. पहिल्या अर्ध्या तासात खुन्याचं नाव चिठ्ठीवर लिहून बरणीत टाकायचं. ज्याचं बरोबर येईल त्याला एक ग्लास फुकट. बोलायचं ते पावणेदहानंतर. तेव्हा मात्र जो तो आपलंच घोडं पुढे दामटायचा.

"बायकोनंच मारलं. मी आधीच ओळखलं होतं."

"चिठ्ठीवर तर माळी लिहिलायस."

त्या उंच माणसानं कपाळाला हात लावला होता. त्याचं नाव ओन्नो. पोलिसांच्या प्रयोगशाळेत बोटांचे ठसे तपासायचा. "ओल्या विटेवरचा ठसा, तोही दोन मिनिटांत? आमच्याकडे दोन आठवडे लागतात."

"मंगळवारची इस्पितळाची मालिका बघा," मी म्हणाले. "मी नर्स आहे. त्यात डॉक्टर ऑपरेशन सोडून प्रेम व्यक्त करत बसतात."

"तुमच्याकडे नाही करत?"

"आमच्याकडे कुणाला वेळ आहे?"

"मला आहे," तो म्हणाला. "मंगळवारी."

माझे कान तापले. मग रविवार गेर्डाकडे आणि मंगळवार माझ्या सोफ्यावर, असं वर्षभर चाललं. गुडघ्याला गुडघा लागायचा... आणि दोघंही हलायचो नाही. बोलायचं तेवढं राहिलं होतं.

मार्चमधल्या एका रविवारी, मालिकेच्या भागाचा शेवट जवळ आलेला असताना, तो माझ्या कानाशी वाकला.

"इम्के, मला दूर रोस्टॉकला नोकरी मिळतेय. उद्या दुपारपर्यंत कळवायचंय. नाही म्हणू का?"

मी ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. पण पडद्यावर इन्स्पेक्टर दार उघडत होता, आणि माझ्या चिठ्ठीवर त्या दाराआडच्या, मेलेल्या माणसाच्या भावाचं नाव होतं.

"शू... आधी खुनी कळू दे."

भाऊच निघाला. वर्षभरात मी पहिल्यांदा जिंकले. गेर्डानं ग्लास भरला, लोकांनी टेबलं बडवली. ट्रामपर्यंत मी ओन्नोला सांगत सुटले, मला कसं कळलं, कुठे संशय आला. तो हसत ऐकत होता. ट्रामच्या दारात क्षणभर थांबला... मी हात हलवला.

मंगळवारी तो आला. पडद्यावर कुणाचं तरी हृदय बंद पडत होतं. मी आवाज बंद केला.

"ओन्नो, अजूनही नाही म्हण. जाऊ नकोस. मला तू हवा आहेस."



"काल हो म्हणून कळवलं, इम्के. सहीसुद्धा करून पाठवली. मला वाटलं... तुला काही म्हणायचंच नाहीये."

"गेर्डाचा नियम होता रे."

"माहीत आहे. म्हणून तर ट्रामपर्यंत थांबलो."

त्यानं माझा तळवा गालाशी धरला, मग कोट घेतला. मी त्याला खिडकीतून कोपऱ्यापर्यंत पाहिलं.

पुढल्या वर्षी त्याच्या लग्नाची पत्रिका आली. खाली त्याच्याच अक्षरात एक ओळ होती. त्याची होणारी बायको टीव्ही बघत नाही. संध्याकाळभर दोघं बोलत बसतात.