अठ्ठेचाळीस फरश्या

अचानक पावसाची सर आली म्हणून ट्यून हिस्केच्या दारात आडोशाला उभा राहिला. तो नगरपालिकेची गाडी चालवायचा. लोकांनी अंगणातून उखडलेल्या फरश्या फुकट उचलून न्यायची गाडी.

"तुमचं सगळं अंगण फरशीचं," तो डॉक्टरच्या गांभीर्याने म्हणाला. "बघा, पाणी कसं पळतंय! कुत्र्याचं मूत, सायकलचं तेल, सिगारेटची राख... सगळं घेऊन थेट कालव्यात."

"मग... काय करू?"

"उखडा. माती पाणी पिते. गाळूनही घेते."

त्याच्या पापणीवर एक थेंब थांबला होता. हिस्केला उखडणं लगेच पटलं.

सर थांबली, आणि तो गेला कुठे? समोरच्या रोझानकडे! रोझान देखणी होती, ते एक वेळ चाललं असतं. पण तिच्याकडे तीनशे फरश्या होत्या. हिस्केकडे अठ्ठेचाळीस.

हिस्केने काटकसर केली. रोज सहाच उखडायच्या. "कंबर दुखते हो," ती सांगायची. तो रोज यायचा, हसायचा, सहा फरश्या न्यायचा. आठ दिवसांत अंगण संपलं.

नवव्या दिवशी तिने खिडकीतून पाहिलं. ट्यून रोझानकडे कॉफी पीत होता, आणि त्याने दुसरं बिस्किट उचललं. दुसरं! त्यांच्या गावात कॉफीबरोबर एकच बिस्किट मिळतं. दुसरं म्हणजे जवळजवळ साखरपुडाच.

हिस्के तडक सायकलवरून दुकानात गेली आणि सहा फरश्या घेऊन आली.

भुरभुर पाऊस सुरू झाला होता. ट्यूनने फरशी उचलली, उलटी केली.

"नवी दिसतेय."

"जपून वापरलीय."

"स्टिकर आहे दुकानाचा."

हिस्केचे कान लाल झाले. "माझ्या संपल्या... आणि तिच्या अजून दीडशे आहेत! दोन बिस्किटं खाल्लीत तुम्ही."

"मोजलीस?"

"खिडकी समोरच आहे."

"पन्नासच्या आत असतील तर एकाच फेरीत न्यायच्या, असा नियम आहे," तो हळूच म्हणाला. "तुझ्याकडे आठ फेऱ्या झाल्या. साहेबांना सांगितलं, अंगण फार मोठं आहे."

"आणि रोझान?"

"तिच्या उद्यापासून दुसरा नेईल. मी ही गल्ली सोडतोय."

"का?"

"ज्या घरी जेवायला जायचं, त्या गल्लीत ड्यूटी चालत नाही."

"मी कुठे बोलावलंय जेवायला?"

"अजून नाही," ट्यून म्हणाला, आणि कोऱ्या करकरीत सहा फरश्या अगदी सावकाश, एकेक करून, गाडीत ठेवू लागला.

"शनिवारी," हिस्के म्हणाली. "आणि बिस्किटं... हवी तेवढी."