शेवटच्या नावाची घंटा

हे मी कुठे वाचलेलं नाही. कोणाच्या मित्राच्या मित्राकडून ऐकलेलंही नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय. पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. मावशीला काडीचाही फरक पडत नाही.

तीन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. पहिला शुक्रवार. दुपारचे चार.

हो, दुपारचे. बाहेर लख्ख ऊन होतं. दिवे गेले नव्हते, कुत्रं रडत नव्हतं. भुतं फक्त मध्यरात्री येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी मावशीसमोर तोंड उघडू नये.

मावशी एका कॉलेजच्या ब्रदर-निवासात दारावर कामाला आहे. ब्रदर म्हणजे फादर नव्हेत. लग्न न करता, एकत्र राहून, आयुष्यभर शिकवायचं व्रत घेतलेले कॅथलिक धर्मबंधू. कॉलेज त्यांचंच. निवासात खाली मोठा दिवाणखाना, वर लांबलचक बोळ आणि बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या. मावशीच्या ताब्यात फोन, पाहुण्यांची वही, टपालाचे खण आणि जिन्याजवळ टांगलेली पितळी घंटा.

या घंटेची एक गंमत होती. प्रत्येक ब्रदरचे टोले वेगळे. ग्रंथालयवाल्या ब्रदरना दोन, थांबून एक. भूमितीवाल्या ब्रदरना एक, थांबून तीन. पाहुणा आला की मावशी लाकडी हातोडी उचलायची, टोले द्यायची आणि बरोबर तेच ब्रदर जिना उतरायचे. बावीस जणांचे टोले तिला तोंडपाठ होते.

ब्रदर वारले तरी त्यांचे टोले दुसऱ्याला देत नसत.

वर्षातून एकदाच ते वाजायचे. नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी. त्या दिवशी सगळे चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, जमायचे आणि दिवंगत शिक्षकांची, दिवंगत ब्रदरांची नावं वाचली जायची. चॅपलमधला आवाज दिवाणखान्यातल्या छोट्या स्पीकरवर यायचा. शिक्षकाचं नाव आलं की मावशीने एक टोला द्यायचा. ब्रदरचं नाव आलं की त्यांचे ते ठरलेले टोले. मग सगळ्यांनी गप्प थांबायचं, जिवंतपणी त्या माणसाला जिना उतरायला लागायचा तेवढा वेळ.

कोणी येत नसे, हे सांगायला नको. आठवण काढायची ती तशी रीत होती, एवढंच.

पण त्या यादीत एक नाव नव्हतं.

मावशीच्या यजमानांचं. माझ्या काकांचं.

काका त्याच कॉलेजात रसायनशास्त्राचे सर होते. सत्तावीस वर्षं. प्रयोगशाळेतला गॅसचा पाइप गळतोय म्हणून त्यांनी उपप्राचार्यांना तीन पत्रं लिहिली. उपप्राचार्य म्हणजे काठीवाले ब्रदर. गुडघा कामातून गेलेला, म्हणून हातात कायम काठी. तिन्ही पत्रं मावशीने स्वतःच्या हाताने त्यांच्या खणात टाकली होती. तिन्ही खणातून उचलली गेली. पाइप काही बदलला नाही.

सुट्टीतल्या एका सकाळी काका एकटेच तो पाइप बघायला गेले...

स्फोटाने निवासाच्या काचासुद्धा हादरल्या. मावशी तेव्हा फोनवर कोणाला तरी "थांबा हं जरा" म्हणत होती.

चौकशी झाली. अहवाल आला. कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. खाली काठीवाल्या ब्रदरची सही. पत्रांचा उल्लेखच नाही. मेलेला माणूस भांडायला येत नाही ना, फोडा खापर त्याच्या डोक्यावर.

आणि यादी कसली होती? सन्मानाने गेलेल्यांची. पहिल्या बाकावरच्या पोरांपुढे घोरणारे एक सर तिच्यात होते. वीस वर्षं एकच जुनी वही फळ्यावर उतरवणारे दुसरे होते. काका नव्हते. सहा वर्षं मावशी सगळ्यांच्या नावाने घंटा वाजवत आली आणि स्वतःच्या माणसाच्या वेळेला मूग गिळून बसत आली.

त्या वर्षी ऑगस्टात काठीवाले ब्रदर वारले. यादीत सगळ्यात शेवटी त्यांचं नाव आलं.

आदल्या दिवशी मावशी प्राचार्यांकडे गेली. नवे प्राचार्य ब्रदर वयाने लहान, बोलायला गोड.

"ब्रदर, यंदा तरी ह्यांचं नाव घ्या."

"बाई, तुमच्या भावना मला कळतात."

"भावना राहू द्या. नाव घ्या."

"अहवालात स्पष्ट लिहिलंय हो. आणि सही करणारे ब्रदर आता हयात नाहीत. मी विचारू कोणाला?"

"मला विचारा. पत्रं मी खणात टाकली होती."

"फाइलमध्ये एकही पत्र नाही, बाई."

"कशी असतील? ज्यांनी दाबली तेच फाइल सांभाळत होते!"

प्राचार्यांनी हात जोडले. हात जोडले की विषय संपतो, असं मोठ्या खुर्चीवरच्या लोकांना वाटतं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली येताना तिने ठरवून टाकलं.

शेवटची घंटा वाजवायची नाही.

शुक्रवारी चार वाजता सगळे चॅपलमध्ये गेले. मावशीने वर जाऊन खोल्या बघितल्या. रिकाम्या. बोळाची खिडकी लावली, खाली आली, हातोडी घेऊन उभी राहिली.

नावं सुरू झाली. शिक्षकांना एकेक टोला. मग ब्रदर. ग्रंथालयवाले... दोन, थांबून एक. शांतता. भूमितीवाले... एक, थांबून तीन. शांतता.

सगळं दरवर्षीसारखं.

मग स्पीकरवर शेवटचं नाव आलं.

मावशीने हातोडी खुंटीला अडकवली. हाताची घडी घातली.

चॅपल थांबलं. कोणी तरी खोकलं. बाकावर कोणी तरी हललं.

आणि वर बोळात...

टक.

मावशीने मान वर केली.

टक... टक...

लाकडी जमिनीवर काठी. मधे पाय ओढल्याचा आवाज. खोलीपासून जिन्यापर्यंत यायला त्या माणसाला किती वेळ लागायचा, ते तिला पाठ होतं. तेवढाच वेळ लागला.

काठी पहिल्या पायरीवर आली. दुसऱ्या. तिसऱ्या...

सातव्या पायरीवर थांबली. ब्रदर दम खायला नेहमी तिथेच थांबायचे.

जिन्यावर कोणी नव्हतं. ऊन पार सातव्या पायरीपर्यंत पडलं होतं आणि तिथे कोणीच नव्हतं. फक्त गुडघ्याला चोळायच्या मलमाचा तो उग्र वास खाली उतरत आला.

मावशी घाबरली नाही. मला म्हणाली, "अगं, घाबरायला आत जागाच नव्हती. राग इतका भरला होता."

"मी बोलावलेलं नाही तुम्हाला," ती जिन्याकडे बघून म्हणाली.

काठी एक पायरी खाली आली.

"तीन पत्रं! तीन! खणातून काढताना माझ्याकडे बघून हसलात तुम्ही. बरी आहेस ना, म्हणालात. सही करताना हात थरथरला नाही? आता घंटा हवी होय? माझ्या हातची?"

टक. आणखी एक पायरी. मग सगळ्या. काठी खाली येऊन घंटेसमोर थांबली. मावशीपासून हातभर अंतरावर.

तिने रागाने हातोडी ओढली आणि घंटेवर हाणली. पण ब्रदरांचे टोले नाहीत. काका व्हरांड्यापलीकडच्या प्रयोगशाळेत रमून जेवायचं विसरले की ती घंटेवर पेन्सिल वाजवायची. दोन हलके, एक जोरात. घरच्याघरी ठरलेली खूण. यादीत नसलेली. ती तिने आयुष्यात पहिल्यांदा हातोडीने वाजवली, अख्ख्या चॅपलला ऐकू जाईल अशी.

आणि थांबली.

बाहेरच्या व्हरांड्यातून...

चट्-पट्. चट्-पट्.

काकांच्या डाव्या चपलेचा तळ सुटलेला होता. शिवून आणा, शिवून आणा म्हणून तिने सत्तावीस वेळा सांगितलं असेल. तोच आवाज. दारातून आत आला. मावशी दाराकडे वळली.

"अहो..."

चपला तिच्याकडे आल्या नाहीत.

त्या काठीजवळ गेल्या. काठीच्या डाव्या अंगाला उभ्या राहिल्या. जिवंतपणी जिना चढताना काका त्या म्हाताऱ्याचं कोपर धरायचे, अगदी तिथेच.

मग दोघंही थांबले. शेवटच्या टोल्यांची वाट बघत.

मावशीला कळलं. आणि आधी आला नव्हता एवढा राग तिला तेव्हा आला.

"मेल्यावरही ह्यांचीच बाजू? म्हातारं माणूस आहे, जाऊ दे, हेच ना? जाऊ दे म्हणत म्हणत गेलात तुम्ही! मागे मी काय केलं, कशी राहिले, विचारलंत एकदा तरी?"

तेवढ्यात प्राचार्य ब्रदर तणतणत चॅपलमधून आले.

"बाई, काय चाललंय? कसली घंटा ती? आणि शेवटची—"

ते दारातच थांबले. मलमाचा वास त्यांच्याही नाकात गेला असावा. ऑगस्टात त्या म्हाताऱ्याच्या उशाशी तेच बसले होते.

टक.

काठी प्राचार्यांच्या दिशेने एकदा वाजली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"कोण... कोण आहे इथे?"

"ज्यांचं नाव वाचलंत ते," मावशी म्हणाली. "आणि ज्यांचं वाचलं नाहीत तेही. जा, ते नाव वाचा. मग मी शेवटची घंटा वाजवते."

प्राचार्य वळले ते जवळजवळ पळतच. मिनिटभराने स्पीकर खरखरला. कापऱ्या आवाजात काकांचं नाव आलं. पूर्ण नाव. पुढे "रसायनशास्त्र विभाग."

सहा वर्षांनी.

मावशीने डोळे पुसले आणि शब्द पाळला. तीन, थांबून दोन. काठीवाल्या ब्रदरांचे टोले.

काठी वळली. चपलाही वळल्या. दोन्ही आवाज एकेक पायरी वर चढू लागले. सातव्या पायरीवर थांबले. पुन्हा चढले. बोळात गेले. वर एक दार हळूच लागलं.

काकांनी जाताना तिच्यासाठी एक पाऊलही थांबवलं नाही.

इथे संपलं असतं तर मी गप्प बसले असते. पण पुढच्या नोव्हेंबरात यादी छापून आली आणि तिच्यात काकांचं नाव नव्हतं.

मावशी वर गेली. प्राचार्यांनी तिच्याकडे न बघता सांगितलं, "त्या दिवशी माझी तब्येत ठीक नव्हती. अनवधानाने एक नाव जास्त वाचलं गेलं."

एक नाव जास्त! सत्तावीस वर्षं शिकवलेला, तुमच्या पाइपपायी जळालेला माणूस म्हणजे एक नाव जास्त!

त्या दिवसापासून मावशीने तीन-दोनचे टोले बंद केले. आणि त्या दिवसापासून रोज चार वाजता वरच्या बोळात काठी वाजते. नवे ब्रदर म्हणतात, लाकूड जुनं झालंय. त्या वेळी वर मात्र कोणी थांबत नाही.

मावशी रोज काकांचे टोले देते. रोज. दोन हलके, एक जोरात.

गेल्या महिन्यात मी तिला भेटायला गेले होते. ती टपाल लावत बसली होती. घड्याळात चार वाजले आणि मलमाचा वास आला. मग वरून... टक. टक. सातव्या पायरीपर्यंत.

मावशीने मानही वर केली नाही. "तिथेच थांबा," ती म्हणाली. "यादी बदललेली नाही अजून."

काठी थांबली.

मग तिने हातोडी उचलली, काकांचे टोले दिले आणि व्हरांड्याच्या दाराकडे बघत बसली. बराच वेळ. दारातून फक्त ऊन आत येत होतं.

"तुला काठी ऐकू आली ना?" तिने विचारलं.

मी मान डोलावली.

"मग ह्यांच्या चपला का नाही गं ऐकू येत? मी रोज बोलावते. त्यांच्यासाठीच भांडतेय ना मी?" तिने हातोडी खुंटीला अडकवली. "माझ्यावरच रुसलेत का?"

मी फक्त तिचा हात हातात घेऊन बसले.

कारण मला चपला ऐकू आल्या होत्या. व्हरांड्यातून नव्हे. वरून, काठीबरोबरच. चट्-पट्, चट्-पट्, सातव्या पायरीपर्यंत आणि तिथेच थांबलेल्या.

ते आहेत. म्हाताऱ्याचं कोपर धरून रोज उभे असतात. तिला का ऐकू येत नाहीत, मला माहीत नाही.

हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती काठीपेक्षा चपलांवरच जास्त चिडेल, हे मला ठाऊक आहे.