दार उघडं ठेव

ही घटना माझी स्वतःची आहे. ऐकीव नाही, मित्राच्या मित्राचीही नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण यात मी पदरचं काही घातलेलं नाही. आणि एक गोष्ट अशी आहे जी मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही. ती शेवटी सांगतो.

रात्रबित्र काही नव्हती. शनिवार होता. दुपारचे सव्वादोन. बाहेर लख्ख ऊन.

जागा म्हणजे माझ्याच घरातली, जिन्याखालची खोली.

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर बारीक स्क्रू आवळायचे, काड्या सरळ करायच्या. हौस म्हणाल तर बेस गिटार. वाजवतो बेताचीच, पण खोलून, दुरुस्त करून, तिच्यात फेरफार करण्यात माझा हात कुणी धरणार नाही. तारा बदल, नॉब बदल, आतल्या वायरी नव्याने सोल्डर कर. बायको म्हणते, "तू वाजवतोस कमी आणि उचकटतोस जास्त."

खोटं नाही.

ही बेस मी जुन्यातली घेतली होती. विकणारे एक म्हातारे गृहस्थ होते, घड्याळं दुरुस्त करणारे. आपण त्यांना घड्याळकाका म्हणू. गिटार त्यांच्या मुलाची.

"तो नाही वाजवत का आता?" मी विचारलं.

"नाही," काका म्हणाले. एवढंच.

मी निघालो तसे ते फाटकापर्यंत आले. म्हणाले, "एक ऐकशील? वाजवताना दार उघडं ठेव."

मी हसलो. "काका, मग शेजारी मला जिवंत ठेवतील का?"

ते हसले नाहीत.

घरी आणल्यावर नेहमीप्रमाणे मी तिचं मागचं झाकण उघडलं. चार स्क्रू. आत हाताच्या तळव्याएवढा खळगा असतो, त्यात सगळ्या वायरी. माझी एक सवय आहे. काहीही सोडवण्याआधी फोटो काढायचा, म्हणजे परत जोडताना घोळ होत नाही. फोटो काढला. जुन्या वायरी काढल्या, नव्या घातल्या, झाकण बंद.

हा फोटो लक्षात ठेवा.

गिटार सुरेख वाजायला लागली. फक्त एक खोड होती. वाजवायचं थांबलं की ॲम्पमधून, म्हणजे गिटारच्या स्पीकरमधून, आवाज यायचा...

टक. टक. टक.

मग शांत. मग परत तीनदा.

मला नवल वाटलं नाही. तारांखाली आवाज पकडणारा जो पिकअप असतो, त्यातलं मेण जुनं होऊन सुकलं की तो लाकडावरचा बारीकसा धक्कासुद्धा पकडतो. बोट लागलं, पट्टा घासला, की ॲम्पमधून ऐकू येतं. आमच्या ग्रुपमध्ये ड्रम वाजवतो त्याला आम्ही ढोल्या म्हणतो. त्याने ऐकलं आणि म्हणाला, "तुझ्या गिटारला उचकी लागलीय रे. पाणी पाज."

खूप हसलो आम्ही.

आता खोलीविषयी सांगतो. ती मी स्वतः तयार केली होती. खिडकी बुजवली, भिंतींना फोम, दाराला आतून जुनी गादी ठोकली, फटींना रबराची पट्टी. काम संपल्यावर मी आत जाऊन घसा फोडून ओरडलो आणि बायकोला बाहेर उभं केलं. तिला काहीही ऐकू आलं नाही. "आत बॉम्ब फुटला तरी कळायचं नाही," ती म्हणाली. माझी छाती फुगली होती तेव्हा.

पण बेसवाल्यांना एक पीडा असते. खालचा जाड सूर लागला की खोलीतलं काहीतरी थरथरतं आणि खर्रर्र वाजतं. कधी डब्याचं झाकण, कधी फोटोची काच. मला ते अजिबात खपत नाही. एकेक वस्तू शोधून मी खोलीबाहेर काढली होती. फोनही बाहेरच. तो जवळ असला की ॲम्पमध्ये टर्रटर्र येते.

त्या शनिवारी खर्रर्र दाराच्या हँडलमधून येत होती.

हँडल म्हणजे दोन मुठी आणि मधून आरपार जाणारी बोटभर लांब चौकोनी सळई. सळई फिरली की चौकटीत अडकलेलं लॅच मागे सरकतं. मी आतली मूठ सळईसकट ओढून काढली आणि बाहेर टेबलावर फोनशेजारी ठेवली. दार बंद होऊ नये म्हणून खाली लाकडी पाचर लावली.

शहाणाच की नाही मी?

बायको आणि मुलगी माझ्या मेव्हणीकडे गेल्या होत्या. येणार थेट मंगळवारी. मनसोक्त वाजवायचं म्हणून बसलो. आवाज वाढवला. सगळ्यात जाड तार छेडली. जमीन थरारली. वा! पुन्हा छेडली. पुन्हा.

थरथरीने पाचर इंच इंच सरकत होती, ते माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

गादीमुळे दार जड झालेलं...

खट्.

मी मान वळवली. दार बंद.

पहिल्यांदा हसूच आलं. मग उठलो. मुठीच्या जागी फक्त एक चौकोनी भोक होतं.

माझ्याकडे हत्यारं होती. चष्म्याचे स्क्रूड्रायव्हर, तारा कापायची पक्कड, बारीक पाने. एकेक करून सगळी भोकात घालून बघितली. नुसती गोल फिरत राहिली. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला. खांद्याने धडका दिल्या, मुठी आपटल्या, पण गादीने सगळं गिळलं.

ओरडलो. किती वेळ ते आठवत नाही.

आणि मग ओरडायचं थांबलो. आपण ही खोली किती छान बांधलीय ते आठवलं म्हणून.

शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार. अर्धी बाटली पाणी. फटींना रबर मीच लावलेलं, तेही दोनदा. हवा आत्ताच जड लागत होती. पाचावर धारण बसली माझी. मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर यायला लागला. मंगळवारी दार तीच उघडेल, पळत येऊन, नेहमीसारखं... हे मनात आलं आणि मी जमिनीवर बसून रडलो. सांगायला लाज नाही वाटत.

गिटार स्टँडवर होती. मी तिच्यापासून चार हात लांब.

तेव्हा ॲम्पमधून...

टक. टक. टक.

मी हललो नव्हतो. काहीच हललं नव्हतं.

टक. टक. टक.

मी जवळ जाऊन आवाजाचा नॉब शून्यावर आणला.

टक. टक. टक.

पहिल्यांदाच मी तो आवाज नीट ऐकला. तो लाकडावर बोट आपटल्याचा नव्हता. गादी ठोकलेल्या दारावर कुणीतरी आतून मूठ आपटावी तसा होता. तो आवाज मला चांगलाच ओळखीचा होता. अर्ध्या तासापूर्वी तो मीच काढत होतो.

मी विचारलं, "कोण आहे?"

आवाज थांबला.

मग... गिटारच्या मागच्या झाकणातून खरवडल्याचा आवाज आला. ॲम्पमधून नाही. गिटारमधून.

नखाने खरवडावं तसा.

मी का गेलो, ते विचारू नका. कोंडलेल्या माणसाला एकच गोष्ट कळते, बाहेर पडणं. चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने चारही स्क्रू काढले. घाईत दोन स्क्रू हरवले.

झाकण निघालं.

माझ्या नव्या वायरींच्या मधोमध, फोमच्या तुकड्यात गुंडाळलेली, एक सळई होती.

चौकोनी. बोटभर लांब. गंजलेली.

मी ती पक्कडीत धरून दाराच्या भोकात घातली. चपखल बसली. फिरवली. लॅच मागे सरकलं आणि बाहेरचा उजेड आत आला. जिवात जीव आला म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं.

एक पाय बाहेर टाकला, तेवढ्यात...

माझ्या मानेमागे कुणीतरी श्वास घेतला. लांब, खोल. खूप वेळ पाण्याखाली राहून वर आलेला माणूस घेतो तसा.

मी मागे वळलो नाही. बाहेर पडलो, सगळा जोर लावून दार आपटून बंद केलं आणि त्यावर पाठ टेकून उभा राहिलो. पक्कड आणि सळई हातातच होत्या.

घरात शांतता. त्या दारातून काही ऐकू येणं शक्यच नव्हतं.

पण पाठीला लागत होतं...

धप. धप. धप.

मंगळवारपर्यंत मी ढोल्याकडे राहिलो. त्याला म्हटलं, पोट बिघडलंय. बायको आली तेव्हा तिच्यासोबतच घरी गेलो आणि टेबलावरचं हँडल लावून खोली उघडली. ट्यूब चालू, ॲम्प चालू, गिटार दाराला लागून पालथी पडलेली. स्टँड होता तिथेच होता, खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

मग फोनमधला तो फोटो काढून बघितला. खळगा, जुन्या वायरी, नॉबची मागची बाजू. सळई नाही.

बुधवारी घड्याळकाकांकडे गेलो. सळई त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, खूप वेळ बघत राहिले.

"कुठे मिळाली?"

सांगितलं. सगळं.

ते हळूहळू बोलले. मुलाने घरात अशीच खोली केली होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. काका-काकू आठ दिवस गावाला. "हँडल खोलीबाहेर कपाटावर सापडलं. मुठी होत्या, सळई नव्हती. आम्ही घर पालथं घातलं, पोरा. ही नाही सापडली." मग म्हणाले, "दार फोडावं लागलं. गादीला आतून भोकं पडली होती. मुठी आपटून आपटून."

मी खाली बघत होतो.

"वर्षभर मी गिटार जवळ ठेवली. रोज ठोकायचा. मला सहन होईना, म्हणून विकली. बापाने असं करावं का?" त्यांनी भिंग काढलं. "म्हणून तुला म्हटलं होतं, दार उघडं ठेव. मला वाटायचं, एकदा कुणी दार उघडलं की निघेल तो."

मग त्यांनी माझा हात धरला.

"तू बाहेर आलास, तेव्हा दार उघडं ठेवलं होतंस ना?"

हीच ती गोष्ट. बायकोला न सांगितलेली.

मी म्हणालो, "हो काका. सताड उघडं होतं."

म्हातारा लहान मुलासारखा रडला. "सुटला," म्हणाला. "सुटला माझा पोरगा."

याला आता आठ महिने झाले. घरी आल्याबरोबर मी ते दार बिजागऱ्यांसकट काढून टाकलं. फोम काढला, खिडकी फोडून मोकळी केली. जिन्याखाली आता वारा खेळतो. बायकोला वाटतं माझं वेड उतरलं.

गिटार तिथेच आहे. मी तिच्या तारा काढल्या, वायरी काढल्या, पिकअपही काढला. नुसतं लाकूड उरलंय. तिच्यातून आवाज यायला काही कारण नाही.

तरी रोज मी तिच्यावर हात ठेवून बघतो.

तीनदा. मग शांत. मग परत तीनदा. पूर्वीपेक्षा हळू.

मी सांगून बघितलंय त्याला. मोठ्याने, अगदी तोंड जवळ नेऊन. अरे, दार उघडं आहे. दारच नाही आता. ये.

त्याला ऐकू जात नसणार. आतलं बाहेर जाऊ नये, बाहेरचं आत येऊ नये, अशीच तर बांधतो आम्ही खोली.

दर रविवारी सकाळी काकांचा फोन येतो. एकच प्रश्न असतो.

"शांत आहे ना रे?"

फोन कानाला, दुसरा हात लाकडावर.

"शांत आहे, काका," मी म्हणतो.